योसेफाच्या पुढची चौकट

प्रार्थनागृहाच्या लांब भिंतीसमोर मोजणीदार टेप घेऊन उभे होते आणि भिंत म्हणजे काय असते ते दोघांना समजावून सांगत होते.

"अठ्ठावीस फूट," ते म्हणाले. "दर चौकटीला दोन फूट, म्हणजे एका ओळीत चौदा चौकटी. अशा तीन ओळी. चौदा त्रिक बेचाळीस. विषय संपला."

ऐकणारे दोघे म्हणजे मंडळीचे सचिव आणि सुतार. विषय संपला असे मोजणीदार म्हणाले की तो संपत असे. मोजणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती आणि त्यांनी मोजलेली जमीन कुणाला पुन्हा मोजावी लागली नव्हती. ही गोष्ट निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी उपासनेनंतर कुणा ना कुणाला सांगत. मंडळीतल्या निम्म्या लोकांना प्रार्थना पाठ नव्हत्या, पण ही गोष्ट पाठ होती.

मंडळीला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त भिंतीवर प्रभू येशूची सबंध वंशावळ लिहायची, अब्राहामापासून प्रभूपर्यंत, आणि रविवारी पाळकसाहेबांनी तिच्यावरच संदेश द्यायचा, ही कल्पना सचिवांची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या यादीतून देवाची योजना कशी दिसते ते लोकांना डोळ्यांनी पाहता यावे, असे त्यांचे म्हणणे. चौकटी लाकडाच्या, सुताराने केलेल्या, भिंतीत खिळे मारून कायमच्या बसवायच्या. नावे लिहायची पेंटरने.

पेंटर म्हणजे मोजणीदारांच्या बायकोचा मुलगा. हे असेच सांगावे लागते, कारण मोजणीदार स्वतः असेच सांगत.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एका विधवेशी लग्न केले, तेव्हा हा पोरगा सात वर्षांचा होता. "ह्यांना काका म्हण," असे त्याला लग्नाच्या दिवशी कुणीतरी सांगितले, आणि दुसरे काही म्हण असे नंतर कुणी सांगितलेच नाही. तसे मोजणीदारांनी त्याचे काही कमी केले नव्हते. शाळेत घातले, हातात पट्टी धरायला शिकवले, सायकलच्या मागे धावून गुडघे फोडून घेतले. पेंटरची अक्षरे गावात सर्वांत सरळ होती ती मोजणीदारांच्याच धाकाने. पण कुणी विचारले की ते म्हणत, "हा आमच्या हिचा मुलगा." त्यांचे वडील मोजणीदार, आजोबा मोजणीदार. त्या दोघांची नावे घरच्या जाडजूड पवित्र शास्त्रात घराण्याच्या पानावर होती आणि खाली त्यांचे स्वतःचे. "आमची ओळ माझ्यापाशी थांबली," असे ते सांगत, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात दुःखही नसे. शेताची हद्द दाखवावी तसे सांगत.

बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, या नवऱ्याकडून एकच गोष्ट हवी होती. चार लोकांत त्याने एकदा तरी "माझा मुलगा" म्हणावे. लग्नानंतर दोन वेळा त्यांनी हे बोलून दाखवले. दोन्ही वेळा मोजणीदारांनी "जे आहे ते आहे" असे उत्तर दिले. मग बाईंनी बोलणे सोडून दिले. हवे असणे मात्र सोडले नाही.

तर भिंत आखून झाली. सुतार चौकटी ठोकायला लागणार, तेवढ्यात पेंटर म्हणाला,

"काका, नावं एकदा मोजून घेऊ या का?"

"कशाला?"

"असंच. एकदा ठोकल्या की निघायच्या नाहीत."

"अरे, यादीच्या शेवटी बेरीज दिलीय. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा, दाविदापासून बाबेलपर्यंत चौदा, तिथून प्रभूपर्यंत चौदा. शास्त्रात दिलीय! आता तू शास्त्राची फेरमोजणी करणार?"

सचिवांनी आणि सुताराने पेंटरकडे असे पाहिले, की त्याने डबा उघडून रंग ढवळायला घेतला.

आता इथे मोजणीदारांचे एक गुपित सांगायला हवे. ते रोज सकाळी शास्त्र वाचत, हे खरे. पण नावांच्या याद्या आल्या की ते पाने उलटत. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, हे वाचायचा त्यांना मनस्वी कंटाळा. खात्यातही त्यांची तीच सवय होती. हाताखालच्यांनी मांडलेले आकडे ते वाचत नसत, शेवटची बेरीज तेवढी बघत आणि सही करत. हाताखालची माणसे चोख होती म्हणून चौतीस वर्षे निभावले.

बुधवारी चौकटी ठोकून झाल्या. गुरुवारी सचिवांनी हुकूम काढला की सर्वांत आधी प्रभूचे नाव लिहायचे, तेही सोनेरी रंगात. बाकीच्यांनी नंतर यावे. त्याप्रमाणे तिसऱ्या ओळीच्या अगदी शेवटच्या चौकटीत पेंटरने प्रभूचे नाव लिहिले. मग तो वरच्या ओळीत गेला आणि अब्राहामापासून निघाला. पहिली ओळ दाविदापाशी बरोबर संपली. दुसरी बाबेलच्या बंदिवासाच्या वेळच्या यखन्यापाशी बरोबर संपली. मोजणीदार दोन्ही वेळा खाली खुर्चीवर बसून होते आणि दोन्ही वेळा त्यांनी आजूबाजूला पाहिले, कुणी आश्चर्य करते आहे का म्हणून.

शनिवारी दुपारी पेंटरने तिसऱ्या ओळीत योसेफ लिहिला आणि तो शिडीवरून उतरला. उतरून तो मागे सरकला. मोजणीदारांनी त्याच्याकडे पाहिले, मग भिंतीकडे.

योसेफ आणि प्रभू यांच्यामध्ये एक चौकट रिकामी होती.

"लिही की पुढचं," मोजणीदार म्हणाले.

"पुढचं नाही."

"नाही म्हणजे?"

"संपली नावं."

नेमके तेव्हाच सचिव खुर्च्या मोजायला आत आले. त्यांनी रिकामी चौकट पाहिली आणि हातातली वही खाली टाकली.

"एक पिढी गळली!" ते ओरडले. "उद्या बाहेरगावचे पाहुणे येणार, आणि प्रभूच्या खानदानातला एक माणूस गायब! कुणी केलं हे?"

खरे तर इथेच मोजणीदारांनी खाकरून दोन शब्द बोलायचे होते. ते बोललेही, पण भलतेच.

"माझी मोजणी बेचाळीस," ते म्हणाले. "चौकटी बेचाळीस आहेत, मोजून घ्या. नावं कुणी लिहिली ते बघा."

पेंटरने ब्रश घासलेटात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला. स्वच्छ ब्रश तो बराच वेळ पुसत राहिला, आणि ते मोजणीदारांना दिसले.

सचिवांनी आरडाओरडा करून सुताराला बोलावले. सुताराने चौकट हलवून पाहिली आणि अभिमानाने सांगितले की ती निघणार नाही. निघाली तर भिंतीचा गिलावा घेऊन निघेल आणि त्या भगदाडातून बाहेरचा रस्ता दिसेल.

"मग एक करा," तो म्हणाला. "मधली पट्टी कापतो, दोन्ही चौकटी योसेफाला द्या. चार फुटी नाव येईल. अहो, शेवटी सुतार होता तो. आमच्या धंद्यातल्या माणसाला इतक्या लोकांनी कधी मान दिलाय?"

"अब्राहामाला दोन फूट आणि सुताराला चार?" सचिव म्हणाले. "त्यापेक्षा आमच्या वडिलांचं नाव लिहू. मंडळीचे पहिले सचिव होते ते."

"प्रभूचे वडील म्हणून?" सुताराने विचारले.

सचिवांनी तो प्रस्ताव मागे घेतला आणि ते कपाटातून जुन्या करारातल्या राजांचा इतिहास काढून बसले. गळलेला माणूस आपणच शोधून काढू अशी त्यांना खात्री होती. पाऊण तासाने त्यांनी असा आवाज काढला की सुतार शिडीला धडकला.

"तीन!" सचिव म्हणाले. "एक नाही, तीन गळलेत! योराम आणि उज्जीया ह्यांच्या मध्ये तीन राजे आहेत इथे, आणि भिंतीवर एकाचाही पत्ता नाही. पेंटर, अरे राजे खाल्लेस तू!"

आता एक चौकट जास्त की दोन कमी, हाच प्रश्न झाला. सुतार म्हणाला, आणखी दोन करून देतो, पण दुसरी ओळ दारातून बाहेर जाईल. सचिव म्हणाले, दारावर लिहा. दारावर लिहिलेला राजा दर वेळी दार उघडले की भिंतीमागे जाईल, असे सुताराने दाखवून दिले. हा गोंधळ ऐकून पाळकसाहेब शेजारच्या खोलीतून उद्याच्या संदेशाचे कागद घेऊनच बाहेर आले.

"ते तीन राजे ही वंशावळ लिहिणाऱ्या मत्तयानंच सोडलेत," ते शांतपणे म्हणाले. "पेंटरनं नाही. आणि नावं—"

"थांबा," मोजणीदार म्हणाले.

फडक्याला पुसला जाणारा तो स्वच्छ ब्रश त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यांनी पाळकसाहेबांचे शास्त्र मागून घेतले, कानावरची पेन्सिल काढली आणि पहिल्या बाकावर बसून आयुष्यात पहिल्यांदा ती यादी नावानावाने वाचली. पहिली ओळ वाचतानाच ते अडखळले.

"ही तामार कोण? ही राहाब?"

"तामारेनं सासऱ्याला फसवून मुलं मिळवली," पाळकसाहेब म्हणाले. "राहाब वेश्या होती."

"आणि रूथ?"

"परक्या मुलखातली. नवरा गेलेली."

मोजणीदारांनी चष्मा पुसला. असल्या खानदानाच्या मानाने त्यांचे घराणे म्हणजे शुद्ध सातबारा होता. ते पुढे वाचत गेले. तिसऱ्या ओळीत त्यांनी तेरा मोजले. पुन्हा मोजले, तेरा. मग हद्दीचा वाद असला की करायचे तसे दुसऱ्या टोकाकडून मोजले. तेराच.

"पाळकसाहेब, बेरीज चुकलीय," ते हळूच म्हणाले.

"विद्वान लोक दोन हजार वर्षं त्यावर भांडताहेत. कुणी म्हणतं एकाला दोनदा धरा, कुणी आणखी काही म्हणतं. तुम्ही योसेफापाशी काय लिहिलंय ते बघा."

मोजणीदारांनी बोट ठेवून पाहिले. अब्राहामापासून सगळीकडे एकच चाल होती, ह्याला तो झाला, त्याला तो झाला. योसेफापाशी ती मोडली होती. योसेफाला येशू झाला, असे लिहिलेच नव्हते. तो मरीयेचा नवरा आणि तिच्यापासून येशू जन्मला, एवढेच होते.

"म्हणजे हा सख्खा बाप नव्हे."

"नव्हे."

"तरीही यादीत आहे?"

"तरीही कसला? दाविदापासूनची सगळी ओळ ह्याच्याच दारातून प्रभूपर्यंत येते. देवानं ज्याच्या घरात लेकरू दिलं त्यानं त्याला आपलं म्हटलं, नाव दिलं, धंदा शिकवला. देवाला तेवढं पुरलं. उद्या मी तेच सांगणार आहे. त्याची योजना रक्ताचे दाखले तपासत बसत नाही. ज्याला आपलं म्हटलं तो आपला, ओळ पुढे जाते."

मोजणीदारांनी शास्त्रावरून मान वर केली. पेंटर तिकडे शिडी दुमडत होता. पट्टी खिशात ठेवायची त्याची पद्धत, आधी झटकायची आणि मग डाव्या खिशात सरकवायची, हुबेहूब त्यांची होती. ती त्यांना आजच दिसली आणि स्वतःची फार लाज वाटली. ते उठले.

"सचिव, चूक माझी आहे," ते म्हणाले. "नावं मी मोजलीच नाहीत. नुसती बेरीज बघून चौकटी आखल्या. तो मोजू या म्हणत होता, मीच त्याला गप्प केलं."

सचिवांनी सुताराकडे पाहिले, सुताराने सचिवांकडे. मग सचिवांनी पुढे येऊन मोजणीदारांचा हात हातात घेतला.

"कळतं हो आम्हांला," ते म्हणाले. "तुमची मोजणी चुकेल का कधी? पाठीशी घालताय तुम्ही त्याला."

"अहो, पाठीशी काय? खरंच माझी चूक आहे!"

"मोठं मन लागतं त्याला. माझा बाप पहिला सचिव, पण माझ्यासाठी कधी असा उभा राहिला नाही."

"सचिव, मी सांगतो ना—"

"पेंटर," सुतार डोळे पुसत म्हणाला, "बघ रे, तुझ्यासाठी चौतीस वर्षांची अब्रू पणाला लावली ह्यांनी. आणि तू राजे खातोस!"

मोजणीदारांचा तोल सुटला. आजवर त्यांच्या प्रत्येक शब्दावर या लोकांनी मान डोलावली होती. जन्मात पहिल्यांदा चूक कबूल करावी तर कुणी मानायला तयार नाही!

"अहो, माझा मुलगा आहे म्हणून नाही सांगत!" ते भिंत हादरेल अशा आवाजात ओरडले. "माझा मुलगा चुकलेला नाही! माझा मुलगा बरोबर आहे, मी चुकलोय! लिहून देऊ का?"

तेवढ्यात दारात काहीतरी खणकन पडले. बाई थर्मास घेऊन आल्या होत्या, त्याचे झाकण त्यांच्या हातातून निसटून बाकाखाली गडगडत गेले होते. ते उचलायला कुणीच वाकले नाही. पेंटर दुमडलेली शिडी हातात धरून तसाच उभा होता. आपण काय बोललो ते मोजणीदारांच्या सर्वांत शेवटी लक्षात आले.

"तीनदा," बाई म्हणाल्या.

"काय तीनदा?"

"काही नाही. मोजलं." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि त्या भिंतीपाशी आल्या. "कसला गोंधळ चाललाय?"

सगळ्यांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. राजे, बेरीज, गिलावा, चार फुटी योसेफ. बाईंनी एकीकडे कप मांडत ते ऐकून घेतले. मग त्यांनी रिकाम्या चौकटीच्या एका बाजूला पाहिले, दुसऱ्या बाजूला पाहिले.

"ह्यात कोडं काय आहे?" त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या आणि लेकराच्या मध्ये आई नको का? चहा घ्या, निवतोय."

पाळकसाहेबांनी हातातल्या कागदांकडे पाहिले. तीन दिवस खपून लिहिलेल्या संदेशाचा शेवट त्यांनी तिथेच बाकावर बसून खोडला आणि नवा लिहायला घेतला. पेंटरने शिडी पुन्हा उघडली. अर्ध्या तासात योसेफ आणि प्रभू यांच्यामध्ये मरीया लिहून झाली होती, आणि ओळ बरोबर चौदावर संपली होती.

"मी म्हटलं होतं ना, बेचाळीस," मोजणीदार म्हणाले, पण बाईंनी नुसते पाहिल्याबरोबर त्यांनी कपात तोंड घातले.

रविवारी सगळे यथासांग पार पडले. पाहुण्यांनी त्या चौकटीचे फार कौतुक केले आणि ही कल्पना कुणाची म्हणून विचारले. सचिवांनी नम्रपणे मान खाली घातली आणि उत्तर देण्याचे टाळले.

दुपारी घरी आल्यावर मोजणीदारांनी कोट काढला, नवे पेन शोधले, पट्टी घेतली आणि फडताळावरून घरचे पवित्र शास्त्र खाली उतरवले. बाई आणि पेंटर जेवायचे थांबले होते. मोजणीदारांनी घसा साफ केला.

"माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी आहे," ते म्हणाले. "आज ती भरायची आहे. पंचवीस वर्षं उशीर झाला, तो माझा. तू जवळ ये रे."

जुना करार जिथे संपतो आणि नवा जिथे सुरू होतो, त्यांच्या मधल्या जाड पानावर घराण्याची नावे होती. मोजणीदारांनी ते पान उघडले, पट्टी टेकवली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

आजोबा होते. वडील होते. त्यांचे स्वतःचे नाव होते. त्याखाली बाईंच्या गिचमिड अक्षरात बाईंचे नाव होते, आणि त्याखाली, मोजणीदारांचे आडनाव लावून, पेंटरचे. शेजारी तारीख होती. ती त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारची होती.

"हे... हे कधी?"

"तारीख घातलीय की," बाई पोळपाट मांडत असल्यासारख्या सहज म्हणाल्या.

"पंचवीस वर्षं हे इथे आहे? मी रोज सकाळी हे पुस्तक वाचतो!"

"वाचता हो. पण नावं आली की पानं उलटता. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं ते. म्हणून तर बिनधास्त लिहिलं."

मोजणीदारांनी पेंटरकडे पाहिले. पेंटरने छताकडे पाहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"दहावीला असल्यापासून."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"मोजून घेऊ या का म्हणून विचारलं होतं," पेंटर म्हणाला.

मोजणीदार पुन्हा पानाकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पट्टी नीट दिसत नव्हती, तरी सवयीने त्यांनी ती ओळीखाली लावलीच.

"दोन सूत तिरकी गेलीय," ते म्हणाले.

"मग सरळ करून देऊ का, बाबा?" पेंटरने विचारले.

मोजणीदारांनी पुस्तक घाईघाईने मिटून छातीशी धरले.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "ह्याची फेरमोजणी होणार नाही."